किल्लीचे मासे

हातात काहीही आलं की सिस्टर ते आधी उजेडाकडं धरायच्या, डावा डोळा मिटायच्या आणि उजव्या डोळ्यानं बघत राहायच्या. औषधाची बाटली असो, गाळलेलं पाणी असो, नाही तर दुकानातून आणलेली तुरीची डाळ. दुकानदार म्हणायचा, "सिस्टर, डाळ हाय ती. इंजेक्शन न्हाई."

"डाळीत खडा निघाला तर दात माझा पडंल, तुझा न्हाई," सिस्टर म्हणायच्या आणि पुन्हा बघायच्या.

सुईतली हवा काढता काढता लागलेली ती सवय. नोकरी संपली तरी सवय संपली नाही.

दुसरी सवय बोलण्याची. कशाचीही कुणी घाई केली की त्यांचं एकच उत्तर असायचं, "दिवस भरू दे." दही लागलं नाही, लोणचं मुरलं नाही, वसमतची एसटी आली नाही, सगळ्याला तेच. शेजारची म्हातारी एकदा वैतागून म्हणाली, "सिस्टर, एसटीला काय दिवस जातेत व्हय?" सिस्टर म्हणाल्या, "आत किती माणसं भरलीत ते बघ. गाभणच हाय ती."

तुमच्याही गावात अशी एखादी नर्सबाई असेल. पांढरी साडी, काळी छत्री, आणि अख्ख्या गावाच्या बायकांना एकेरीत हाक मारायचा हक्क. आमचं गाव कुरुंद्याकडचं, हळदीचं. या गावातली निम्मी लेकरं सिस्टरच्या हातावर आली. त्यांना स्वतःचं लेकरू नव्हतं. नवरा लवकर गेला. मागे एक भाचा होता, भावाचा मुलगा, नांदेडला. तो त्यांना आत्या म्हणायचा. बाकी सगळं गाव सिस्टर म्हणायचं. त्यांचं नाव मला पुष्कळ वर्षं ठाऊकच नव्हतं, आणि आता त्या नाहीत तर ते लिहावंसंही वाटत नाही.

मी त्यांच्याकडं कामाला होते. झाडझूड, भांडी, दोन वेळच्या भाकरी. हळद शिजवायच्या दिवसांत मी मळ्यात जायचे, बाकी वर्षभर त्यांच्याकडं. माझी चौथी झालेली. चार माणसांत मला बोलायला येत नाही. लिहिताना समोर कुणी नसतं म्हणून हे जमतं. सिस्टर मला म्हणायच्या, "लोक मूग गिळतेत, तू तर हळकुंड गिळून बसलीस."

मला त्यांनी पहिल्यांदा झापलं ते मी आडवी पडलेली असताना. माझी पोरगी आठव्या महिन्यातच यायला निघाली होती. सिस्टर आल्या, हात धुतले आणि माझ्या पोटाकडं बघून म्हणाल्या, "दिवस भरले न्हाईत अन् तू कुठं निघालीस ग?" मला वाटलं मलाच म्हणाल्या. मी म्हणाले, "मी कुठं जात न्हाई सिस्टर." त्या हसल्या. मग पहाटेपर्यंत हसल्या नाहीत. पोरगी जगली. तिला कापसात गुंडाळून माझ्या छातीशी बांधून दिली आणि आठवड्यानं हिरव्या लोकरीचं टोपडं विणून आणलं. आज ती परभणीला नांदते. टोपडं माझ्याकडं आहे.

आता माशांचं सांगते.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर आले होते. त्यांना माशांचा नाद. खोलीत काचेची टाकी, टाकीत बारीक वाळू, वाळूत पाण्यातलं गवत आणि शेवाळ लावलेलं, वरून दिवा. त्यांची बदली झाली. भरलेली टाकी जीपमधून न्यायची कशी, म्हणून ती सिस्टरच्या गळ्यात पडली. सिस्टरची नोकरी तेव्हा संपतच आली होती. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, हे किलीफिश आहेत. आफ्रिकेतले."

"किल्ली?"

"किली."

"तेच म्हणले की मी. किल्ली."

झालं. गल्लीत ते किल्लीचे मासे झाले. कुणी म्हणे शेपूट किल्लीसारखी आहे म्हणून. मीही कितीतरी दिवस शेपटीकडं बघून दाते शोधायचे. शेजारची म्हातारी विचारायची, "किल्ली तर झाली, कुलूप कुठं हाय?" सिस्टर म्हणायच्या, "ते तुझ्या तोंडाला लावायचं ऱ्हायलंय."

मासे बोटाच्या दोन पेरांएवढेच. पण नर असा, की बघितल्यावर नजर हलू नये. अंग निळं, प्रत्येक खवल्याला तांबडा काठ, शेपूट ओल्या कुंकवासारखी. मादी मात्र राखाडी, ज्वारीच्या पिठात लोळल्यासारखी. सिस्टर म्हणायच्या, "बाप्याला सगळे दागिने, अन् बाईला धुण्याचं लुगडं. आफ्रिकेत बी तेच हाय बघ."

सुरुवातीला त्यांना टाकीचा राग यायचा. मग हळूहळू त्या तिच्यासमोर बसायला लागल्या. गवत फार वाढलं की नाळ कापायची जुनी कात्री उकळून घ्यायच्या आणि गवत कापायच्या. उकळायची काय गरज, असं मी मनात म्हणायचे. टाकीला त्या टाकी म्हणत नसत, रान म्हणत. "आज रानात कोण दिसंना. जा बघ, कुठं दडलेत."

एकदा नरानं पाण्यातून उडी मारली ती थेट माझ्या परातीत. मी भाकरीचं पीठ मळत होते. मी ओरडले नाही, मला ओरडता येत नाही. मी नुसती उभी राहिले. सिस्टरनी हात ओले केले, पिठातून मासा उचलला, उजेडाकडं धरून बघितला आणि पाण्यात सोडला. म्हणाल्या, "पीठ फेकू नको. त्याच्या अंगाला लागलंय तेवढंच वाया गेलं." त्या दिवसापासून टाकीवर जुन्या साडीचा तुकडा ताणून बांधलेला असायचा.

पण खरी गंमत खाण्याची. या माशांना जिवंत खाणं लागतं. डासाच्या अळ्या दिल्या तर ते वेडे होतात. आणि सिस्टरनी जन्मभर काय केलं होतं? दारोदार फिरून, "कोरडा दिवस पाळा, रांजण रिकामे करा, अळ्या होऊ देऊ नका," हेच सांगितलं होतं. कुणाच्या हौदात अळी सापडली की हौद स्वतः पालथा करायच्या. आता त्यांच्याच मागच्या दारात एक बादली, बादलीत पालापाचोळा, आणि त्यात अळ्याच अळ्या.

दवाखान्यात आलेली नवी सिस्टर एकदा तपासणीला आली. मागं गेली, बादली बघितली आणि तशीच उभी राहिली. "मॅडम, हे काय?"

"लेकरांचा डबा हाय," सिस्टर म्हणाल्या.

तिला शिकवलेलं सिस्टरनीच. सिस्टरनी तिला बसवलं, चहा पाजला आणि बादलीवर फडकं बांधून दाखवलं, की बघ, रोज असं झाकते, डास व्हायच्या आधीच अळ्या उचलते. जाताना ती पोरगी म्हणाली, "मी काही बघितलं न्हाई." सिस्टर म्हणाल्या, "बघितलंस. पण बराबर बघितलंस."

या माशांचं आयुष्य मात्र फार थोडं. तिकडं ते डबक्यात राहतात. डबकं आटलं की सगळे मरतात. मरायच्या आधी चिखलात अंडी घालून जातात. चिखल वाळतो, भेगा पडतात, आणि अंडी आत तशीच राहतात. पाणी आलं की उठतात. डॉक्टरांनी हे सगळं सांगून ठेवलं होतं. टाकीच्या तळाला एका वाटीत नारळाच्या शेंड्यांचा बारीक भुसा ठेवायचा, मासे त्यात अंडी घालतात. मग तो भुसा काढायचा, हातानं पिळायचा, पिशवीत बांधून काही महिने अंधारात ठेवायचा.

सिस्टर त्या पिशवीला बेणं म्हणायच्या. हळदीचं बेणं आपण नाही का काढणीनंतर सावलीला ढीग करून, पाल्यानं झाकून ठेवत. वरून बघितलं तर मेलेलं लाकूड. वेळ आली की त्याला डोळे फुटतात. सिस्टरचं माहेर हळदीचंच. त्यांच्या आईनं ज्या काळजीनं बेणं राखलं तशी यांनी ही पिशवी राखली. मला म्हणायच्या, "ओल ऱ्हायली पाहिजे. पाणी न्हाई, ओल. मुठीत दाबलं तर थेंब पडू नये, अन् हाताला गार लागलं पाहिजे."

पहिल्या वर्षी टाकीतले सगळे मासे एकामागून एक गेले तेव्हा मी समजले, संपलं. टाकीत नुसतं गवत हलत होतं. सिस्टर रोज चिमूटभर भुसा बशीत घ्यायच्या, पाण्याचा थेंब टाकायच्या, बशी उजेडाकडं धरायच्या आणि एक डोळा मिटून बघायच्या. अंडं खसखशीएवढं. मी विचारायचे, "भिजवायचं का?"

"पी हळद न् हो गोरी असं न्हाई हे. दिवस भरू दे."

एके दिवशी त्यांनी मला हाक मारली. बशी माझ्या हातात दिली आणि आपला चष्मा माझ्या डोळ्यांवर बसवला. "बघ. डोळे दिसायलेत."

खरंच दिसत होते. त्या खसखशीच्या दाण्यात दोन बारीक सोनेरी कडी होती आणि ती माझ्याकडं बघत होती.

"डोळे दिसले म्हंजे दिवस भरले," सिस्टर म्हणाल्या. भुसा पसरट भांड्यात टाकला, वरून माठातलं गार पाणी ओतलं. आम्ही दोघी जमिनीवर बसलो. बराच वेळ नुसता भुसा तरंगत होता. मग एक केसाचा तुकडा हलल्यासारखं झालं. मग दुसरा. मग सगळं भांडंच हलायला लागलं. सिस्टर हसत होत्या आणि त्यांचे हात आपोआप पुढं झाले होते, तळवे वर करून, जसं काही कुणी आता त्यांच्या हातावर येणार आहे.

असं वर्षामागून वर्ष चाललं. मासे गेले, बेणं राहिलं, बेण्यातून मासे आले. कुणी विचारलं की त्या म्हणायच्या, "मासा काय, मरायलाच आलेला. वाण टिकला पाहिजे."

मग सिस्टर विसरायला लागल्या.

आधी मिठावरून सुरू झालं. भाजीत दोनदा पडायचं. मग अळ्या दोनदा दिल्या जायच्या आणि टाकीतलं पाणी नासायचं. मग चष्मा सापडेना. मला कधी कधी त्या माझ्या सासूच्या नावानं हाक मारायच्या, आणि सासूबाईंना जाऊन किती वर्षं झाली होती. एका सकाळी मी गेले तर घर उघडं आणि सिस्टर नाहीत. त्या पांढरी साडी नेसून दवाखान्यात ड्यूटीवर गेल्या होत्या. त्या नव्या सिस्टरनी त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं, चहा दिला आणि दुपारी स्वतः हाताला धरून आणून सोडलं. म्हणाली, "मॅडम, आजची ड्यूटी संपली." सिस्टर मला म्हणाल्या, "पोरगी चांगली हाय. पण मला काहून लवकर सोडलं?"

मी त्यांच्या चपला काढून ठेवल्या.

नांदेडहून भाचा आला. चांगला माणूस. आत्याच्या पायाशी बसून म्हणाला, "आत्या, आता एकटं राहू नका. चला माझ्याकडं."

"बेणं भिजवल्याबिगर मी हलायची न्हाई."

त्याला काही कळेना. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. शेवटी त्या वर्षी काय झालं होतं ते सिस्टरनीच त्याला नीट सांगितलं. अशा वेळी त्या अगदी पहिल्यासारख्या असायच्या. टाकीतले मासे गेले होते, एक म्हातारा नर तेवढा उरला होता. माद्या सगळ्या गेल्या. अंडी एवढीच, एका पिशवीतली. ती फुटली तर वाण पुढं, नाही फुटली तर संपला. "एकट्या बाप्याच्यानं काय होतंय?" सिस्टर म्हणाल्या. भाचा हसला आणि कबूल झाला. पिल्लं झाली की त्यांना आणि आत्याला बरोबरच नेऊ, नांदेडला लहान टाकी आणतो, असं म्हणाला. सिस्टरनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

म्हणजे बघा, त्यांना जायचं नव्हतं असं नाही. मोकळ्या हातानं जायचं नव्हतं.

बेण्याची पिशवी स्वयंपाकघरात वरच्या फळीवर, चहाच्या जुन्या डब्यात असायची. स्टीलचा डबा, आत अंधार, म्हणून तो निवडलेला. चहाचा रोजचा डबा शेजारीच. दोन्ही डबे सारखेच, म्हणून बेण्याच्या डब्याला सिस्टरनी हिरवी लोकर बांधून ठेवली होती. माझ्या पोरीच्या टोपड्यातलीच उरलेली.

एक दिवस मी गेले तर सिस्टरच्या गळ्यात चष्मा होता, दोरीला अडकवलेला. "आता कसा हरवंल," म्हणाल्या. मीही म्हणाले, चांगलं केलं. दोरी हिरव्या लोकरीची होती. ते मी बघितलं, पण तेव्हा त्याचा काही अर्थ मनात आला नाही.

"बस," सिस्टर म्हणाल्या. "रोज तू करतीस. आज चहा मी करते."

मी पायरीवर बसून लसूण सोलत होते. आत पातेलं वाजलं, दूध ओतल्याचा आवाज आला. त्या दिवशी त्यांचं सगळं बरोबर चाललं होतं म्हणून मला बरं वाटत होतं. त्या दोन कप घेऊन आल्या. एक मला दिला. एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"चहाला चवच न्हाई. पत्ती बदल ग."

मी कपात बघितलं. नुसतं मळकट दूध. मी आत गेले. गाळणीत चोथा होता. चहाच्या चोथ्यासारखाच दिसत होता, पण चहाचा वास नव्हता. तळाशी पांढरे दाणे चिकटले होते, शिजलेल्या राजगिऱ्यासारखे. ओट्यावर पिशवी रिकामी पडली होती आणि तिचं रबर तिच्याजवळच नीट ठेवलेलं होतं.

मी गाळणी हातात घेतली. सिस्टर आत आल्या. "काय झालं?"

मी सांगितलं. माझ्या आयुष्यात मी फार थोड्या गोष्टी तोंडानं सांगितल्या आहेत, त्यातली ही एक. "सिस्टर, ते बेणं होतं."

त्यांनी गाळणी माझ्या हातातून घेतली. उजेडाकडं धरली. डावा डोळा मिटला. बघत राहिल्या. मग ओट्याला पाठ लावून खाली बसल्या. मोठ्यानं रडल्या नाहीत. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडं बघत राहिल्या. मी त्यांच्याजवळ बसले. चहा गार झाला.

संध्याकाळी मी भाकरी टाकायला गेले तर त्या खुशीत होत्या. म्हणाल्या, "डबा काढ ग. डोळे दिसायले का बघू."

मी पुन्हा सांगितलं. पुन्हा त्यांना ते तसंच लागलं, पहिल्यांदाच ऐकल्यासारखं. पुन्हा हात उताणे. जे दुःख माणसानं एकदा भोगायचं असतं ते मी त्यांना एका दिवसात दोनदा दिलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा मी काहीच बोलले नाही. त्यांनी आपणच उत्तर दिलं, "बरं. दिवस भरू दे."

तुम्ही असता तर काय केलं असतं, मला ठाऊक नाही. मी पुष्कळ वेळा विचार केला. डॉक्टरांचा पत्ता कुणाकडं नव्हता. बाजारात असले मासे मिळत नाहीत. नव्या सिस्टरला सांगितलं तर ती मोबाइलमध्ये बराच वेळ शोधत बसली आणि मग तिनं मोबाइल पालथा ठेवला. टाकीत तो म्हातारा नर एकटा फिरत होता. तळाच्या वाटीत नवा भुसा होता. तो त्या वाटीशी यायचा, अंग थरथरवायचा, वाट बघायचा आणि गवतात निघून जायचा.

नव्या सिस्टरनी भाच्याला फोनवर सगळं सांगितलं. मग तो मला म्हणाला, "मावशी, आता त्यांना आणावंच लागेल."

न्यायला आले त्या दिवशी सिस्टर काहीच म्हणाल्या नाहीत. मला वाटलं होतं, त्या अडून बसतील. त्या गाडीत बसल्या, मांडीवर पर्स घेतली, जशा कुठं लस द्यायला निघाल्यात. गाडी सुरू झाल्यावर त्यांनी काच खाली केली. "बादलीवर फडकं बांध. डास होतील." बस, एवढंच. घराची किल्ली भाच्यानं माझ्याकडं दिली.

मी रोज जाऊन नराला खाऊ घालत होते. त्याचा निळा रंग फिका होत होत राखेसारखा झाला, जवळजवळ मादीसारखाच. एक दिवस तो गवताच्या मुळाशी पडलेला दिसला. मी त्याला तुळशीखाली पुरलं. टाकी मात्र रिकामी केली नाही. गवत चांगलं जोरात होतं, ते कसं उपटायचं?

मग नांदेडहून भाचेसुनेचा फोन आला. "मावशी, आत्याबाईंनी घरात किल्लीचा घोष लावलाय. उठल्यापासून किल्ली कुठं हाय, किल्लीला दिलं का, किल्ली मेली का. घराची किल्ली तुमच्याकडंच आहे ना? त्यांना एवढं सांगा."

तिनं फोन सिस्टरकडं दिला. मला त्यांचा श्वास ऐकू आला.

"किल्ली हाय का ग?"

माझ्या हातात घराची किल्ली होती. मी म्हणाले, "हाय." ते मी कोणत्या किल्लीला म्हणाले, माझं मलाच कळलं नाही.

नंतर मला राहवेना. फोनवर मला सांगता आलं नसतं, म्हणून मी जीपनं वसमतला आणि तिथून एसटीनं नांदेडला गेले. भाच्याचं घर तिसऱ्या मजल्यावर. सिस्टर खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. खूप बारीक झाल्या होत्या. गळ्यात हिरव्या लोकरीला अडकवलेला चष्मा तसाच होता. मुठीत काहीतरी घट्ट धरलेलं होतं.

सून म्हणाली, "बघा ना मावशी. सारखी किल्ली मागतात म्हणून शेवटी जुन्या कपाटाची किल्ली दिली हातात. तेव्हापासून जरा शांत आहेत. पण मधूनच फेकून देतात, अन् परत किल्ली किल्ली करतात."

मी पदराचं टोक पिळत उभी होते. मग म्हणाले, "ताई, ते मासे हायत."

"कोण?"

"किल्ली. माशांचं नाव हाय ते. त्या मासे मागायल्यात."

सुनेनं माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. ती हसली नाही. खुर्चीच्या हातावर हळूच टेकली. "आणि आम्ही इतके दिवस..." म्हणाली आणि थांबली. थोड्या वेळानं विचारलं, "मग ते मासे कुठं मिळतात?"

"कुठंच न्हाई आता."

म्हणजे मी एवढ्या लांब येऊन, तोंड उघडून, खरं ते सांगितलं, आणि त्यानं काहीच झालं नाही. त्या घरात देण्यासारखी कपाटाची किल्लीच होती.

सिस्टरनी मला ओळखलं की नाही सांगता येत नाही. पण त्यांनी मान वळवली आणि मूठ उघडली. किल्ली दोन बोटांत धरली, खिडकीच्या उजेडाकडं नेली. डावा डोळा मिटला. किल्लीच्या वरच्या गोल भोकातून उजेड त्यांच्या गालावर पडला. त्या बघत राहिल्या.

"डोळे दिसना गेलेत," त्या म्हणाल्या. "दिवस भरायचेत अजून. ठेव अंधारात."

आणि किल्ली माझ्या तळहातावर ठेवली.

मी सुनेकडं बघितलं नाही. मोरीत गेले, एक फडकं भिजवलं, पिळून काढलं. किल्ली त्यात गुंडाळली. माझ्या भाकरीची प्लास्टिकची पिशवी होती, तीत घातली, तोंडाला गाठ मारली आणि सिस्टरच्या पलंगाखाली अगदी आत, भिंतीला टेकवून ठेवली.

"ठेवली, सिस्टर."

"ओल ऱ्हाऊ दे. पाणी न्हाई."

"व्हय. ओलच."

त्यांनी डोळे मिटून खुर्चीला मान टेकली. मी थोडा वेळ त्यांचे पाय दाबले आणि मग निघाले, शेवटची जीप चुकली असती. त्यानंतर मला त्या दिसल्या नाहीत.

सून जिन्यापर्यंत सोडायला आली. मी दोन पायऱ्या उतरले होते तेव्हा तिनं हळू आवाजात, आत ऐकू जाऊ नये असं विचारलं, "मावशी, ओल म्हणजे किती? मी रोज शिंपडू का थोडं?"

मी परत वर चढले. तिचा हात धरला, त्याची मूठ केली आणि दाबून दाखवली.

"दाबलं तर थेंब पडू नये," मी म्हणाले. "अन् हाताला गार लागलं पाहिजे."